नाताळ आणि शेजारधर्म

तीन-चार वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. ज्या महाविद्यालयांत मी इंग्रजी वाङ्मय शिकवितों, तेथें डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत नाताळचा एक लहानसा समारंभ होत असे. सभागृहाच्या दाराशीं कागदाची मोठी चांदणी टांगावयाची, एका कोपऱ्यांत गव्हाणी मांडावयाची, ख्रिस्ती विद्यार्थ्यांनीं दोन-तीन गीतें म्हणावयाचीं, आणि शेवटीं सर्वांनीं केक खाऊन घरीं जावयाचें, एवढाच त्याचा विस्तार. गव्हाणी मांडण्याचें काम आमच्या कचेरींतील एक वयस्क कारकून हौसेनें करीत. ते राहुरी तालुक्यांतील एका खेड्यांतले, रोमन कॅथलिक, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. गाय, गाढव, तीन-चार मेंढपाळ, मरिया, योसेफ आणि गवतावर निजलेला बाळ येशू, अशीं तीं मातीचीं चित्रें त्यांच्या स्वतःच्या घरचीं होतीं. दर साल खोक्यांतून आणावयाचीं आणि समारंभ आटोपला कीं परत न्यावयाचीं.

त्या वर्षीं समितींत एका सभासदानें असा प्रश्न काढला कीं, संस्था सर्वधर्मीयांची, तींत एका धर्माच्या देवतेची मांडणी कशाला? प्रश्न कांहीं दुष्टाव्यानें विचारलेला नव्हता. दुसऱ्या कोणी म्हटलें, चांदणी, झाड, लाल टोपीचा म्हातारा, केक हें आतां सगळ्या जगाचें झालें आहे. त्याला कोणाची हरकत असणार? तें राहूं द्यावें, गव्हाणी मात्र नको. समारंभालाहि नाताळ न म्हणतां कांहीं निरुपद्रवी नांव द्यावें. दहा मिनिटांत सर्व ठरलें. नांव कोणालाच सुचेना, तेव्हां 'हिवाळी स्नेहमेळावा' हें नांव मीं सुचविलें. शब्द चांगला मराठी आहे, म्हणून दोघांनीं माझें कौतुकहि केलें.

दुसऱ्या दिवशीं हा निर्णय त्या कारकुनांना सांगण्याचें काम माझ्याकडेच आलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, 'बरं' म्हटलें, आणि दारापर्यंत गेल्यावर वळून ते म्हणाले, "सर, आमचं होतं तेवढंच तुम्ही काढलं. जे आमचं नव्हतं, ते ठेवलं."

ह्या वाक्याला त्या वेळीं मजजवळ उत्तर नव्हतें. पुढें पुष्कळ दिवस मी तें शोधीत होतों, आणि खरें सांगावयाचें तर आरंभीं माझा शोध त्यांना खोटें पाडण्याच्याच दिशेनें चालला होता. शिक्षकाचा हा जातिस्वभावच आहे. कोणी मनाला लागेल असें बोललें कीं, त्यांतील ऐतिहासिक चूक हुडकावयाला आपण आधीं धांवतों.

इतिहासाच्या दृष्टीनें पाहूं गेलें तर नाताळांत 'मूळचें' असें फारच थोडें हाताला लागतें. शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तिथि दिलेली नाहीं. पंचवीस डिसेंबर हा दिवस रोम शहरांत पाळला जात असल्याचा जुन्यांत जुना लेखी पुरावा चौथ्या शतकांतला, ३५४ सालच्या एका पंचांगवजा ग्रंथांतला आहे. गव्हाणीची परंपरा सामान्यतः संत फ्रान्सिसपासून सांगतात. त्यानें १२२३ सालीं इटलींतील ग्रेचिओ गांवीं खरें गवत आणि खरीं जनावरें आणून तो देखावा उभा केला. ज्याला आपण इंग्रजी नाताळ म्हणतों त्याचा बराचसा साज तर अगदीं अलीकडचा आहे. डिकन्सची 'ए ख्रिसमस कॅरल' ही कथा १८४३ सालची. पहिलें छापील शुभेच्छापत्रहि त्याच सालचें. आणि व्हिक्टोरिया राणीच्या वाड्यांतील शृंगारलेल्या झाडाचें चित्र लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकांत छापून येऊन तें झाड घरोघर गेलें, तें १८४८ नंतर. आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. जुन्या संवयीनें मी त्याला नगर म्हणतों, त्याची वाचकांनीं क्षमा करावी. ह्या नगरांत अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें पडलें तें डिसेंबर १८३१ मध्यें. म्हणजे आमच्या गांवचें मिशन हें नाताळच्या शुभेच्छापत्रापेक्षां बारा वर्षांनीं वडील आहे!

बरें, हे मिशनरी तरी कोणत्या परंपरेंतले? ज्या संस्थेनें त्यांना पाठविलें ती मॅसॅच्युसेट्समधली. त्याच मॅसॅच्युसेट्समध्यें त्यांच्या प्यूरिटन पूर्वजांनीं १६५९ सालीं नाताळ पाळणें हाच अपराध ठरविला होता, आणि काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून तो पाळणाऱ्याला पांच शिलिंग दंड ठेवला होता. बायबलांत ज्याला आधार नाहीं तो सण कसला, हा त्यांचा युक्तिवाद. कायदा १६८१ मध्यें उठला, पण त्या प्रांतांत नाताळची सार्वजनिक सुटी व्हावयाला १८५६ साल उजाडावें लागलें. नाताळविषयीं ज्यांच्या घराण्यांत इतकी अढी होती, त्यांच्या शिष्यांना ह्या देशांत आपण 'नाताळवाले' म्हणून ओळखतों ही मौजच आहे. आणि 'नाताळ' हा शब्दहि त्यांचा नव्हे. तो पोर्तुगीज आहे. जन्म ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेला, आणि गोवें-वसईच्या वाटेनें मराठींत येऊन इतका रुळलेला कीं, तो परका आहे हें सांगितल्यावांचून कळत नाहीं.

एवढें सगळें जमवून झाल्यावर मला वाटलें, आतां आपल्याला उत्तर सांपडलें. 'आमचें' आणि 'तुमचें' हा भेदच येथें पोकळ आहे. जें सर्वांनीं सर्वांपासून घेतलें त्यांतील कांहीं ठेवलें, कांहीं वगळलें, त्यांत कोणाचें काय गेलें? पण हें उत्तर मनांत घोळवितांना माझ्या ध्यानांत आलें कीं, हाच न्याय मी माझ्या घरच्या गणपतीला लावावयाला तयार नाहीं.

गणपतीचेंच पाहा. १८९३ सालापासून पुण्यामुंबईंत त्याला जें सार्वजनिक रूप आलें त्यांत देवभक्ति किती, राजकारण किती आणि करमणूक किती ह्याचा वाद तेव्हांपासून चालूं आहे. आज तर मंडप, रोषणाई, देखावे, ढोलताशे ह्यांत मूर्ति शोधावी लागते. आपण मोठ्या अभिमानानें म्हणतों कीं, हा उत्सव आतां केवळ धार्मिक राहिला नसून महाराष्ट्राचा सांस्कृतिक उत्सव झाला आहे. त्यांत कोणीहि यावें. ठीक आहे. पण उद्यां परदेशांतील एखाद्या विद्यालयानें आपल्या मुलांना सांगितलें कीं, मंडप ठेवा, दिवे ठेवा, मोदक तर हवेतच, फक्त ती हत्तीच्या तोंडाची मूर्ति तेवढी काढा आणि उत्सवाला 'पावसाळी मेळावा' म्हणा, तर आपल्याला काय वाटेल? मूर्तिपूजेचा उगम कोणत्या शतकांत झाला ह्याचें व्याख्यान ऐकून आपलें समाधान होईल काय? माझें होणार नाहीं. आणि मी कांहीं मोठा भाविक मनुष्य नव्हे. घरांतील पूजा माझी पत्नी करते. मी आरतीच्या वेळीं टाळ्या वाजवितों, त्याहि कधीं कधीं वर्तमानपत्र बाजूला ठेवून.

येथें खरी मेख आहे असें मला वाटतें. सण कोठून आला हा एक प्रश्न, आणि तो आज कोणाच्या अंतःकरणांत राहतो हा दुसरा. पहिल्याचें उत्तर पंडितानें द्यावें. दुसऱ्याचें उत्तर ज्याच्या घरीं तीं मातीचीं चित्रें वर्षभर खोक्यांत जपून ठेवलेलीं असतात त्यानेंच द्यावयाचें असतें.

ह्या वादाचें एक मोठें शिकविणारें उदाहरण अमेरिकेंत घडलें आहे. ऱ्होड आयलंड संस्थानांतील पॉटकेट ह्या गांवीं नगरपालिका दरवर्षीं बाजारपेठेजवळच्या बागेंत नाताळची सजावट करी. तींत लाल टोपीच्या म्हाताऱ्याचें घर, गाडी ओढणारीं हरणें, झाड, दिवे आणि एक गव्हाणीहि असे. सरकारी पैशानें गव्हाणी मांडणें हें राज्य आणि धर्म ह्यांच्या फारकतीला सोडून आहे, अशी फिर्याद झाली. १९८४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांचांविरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानें नगरपालिकेच्या बाजूनें निकाल दिला. कारण काय? तर ती गव्हाणी एकटी नव्हती. एवढ्या सगळ्या ऐहिक सामानाच्या संगतींत तिच्याकडे पाहिलें असतां ती एका राष्ट्रीय सणाची निदर्शक ठरते, धर्मप्रचार ठरत नाहीं. विरुद्ध मत देणाऱ्या एका न्यायमूर्तींनीं म्हटल्याचा आशय असा कीं, नगरपालिका जिंकली खरी, पण हा जय हरण्याहूनहि वाईट आहे. कारण गव्हाणीला बागेंत जागा मिळावी म्हणून तिच्यांतील पवित्रपणाच नाकारावा लागला. मला हें मत बहुमतापेक्षां अधिक धार्मिक आणि अधिक निधर्मीहि वाटतें. शासनानें गव्हाणी मांडूं नये, पण जो मांडील त्याची गव्हाणी ही गव्हाणीच समजावी, एवढी बूज त्यांत आहे.

आमच्या समितीनें पॉटकेटच्याहि पुढें मजल मारली. तेथें हरणांच्या आश्रयानें गव्हाणी राहिली. आम्ही हरणें ठेवलीं आणि गव्हाणी उठविली.

आणि 'सर्व जगाचें' म्हणून आम्हीं जें ठेवलें तें काय होतें? बाजारांत विकत मिळणारें हिरवें प्लॅस्टिकचें झाड, त्यावर कापसाचा बर्फ. ज्या जिल्ह्यांत चांगला पाऊस पडला तरी लोक एकमेकांना पेढे देतात तेथें कापसाचा बर्फ! ह्याला आम्हीं निरुपद्रवी आणि सार्वत्रिक मानलें, आणि जें खरोखर ह्या मातींतलें होतें त्याला परधर्मीय मानलें. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनीं येशूचा जन्म ज्या रीतीनें मराठींत आणला ती रीत आपल्यापैकीं कितीजणांना ठाऊक आहे? कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनीं ख्रिस्तचरित्रावर कीर्तनें केलीं. गळ्यांत वीणा, मागें टाळ-मृदंग, आणि आख्यान बेथलेहेमचें. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले आणि पुढें नगरला राहिले. त्यांनीं अभंग आणि ओवी ह्या तुकोबा-ज्ञानोबांच्या छंदांत आपल्या नव्या धन्याचें गुणगान केलें. तीं पदें आजहि मराठी प्रार्थनामंदिरांतून गायिलीं जातात. १९१९ सालीं ते वारले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं तडीस नेलें. शाळेंत न गेलेल्या ह्या बाईच्या 'स्मृतिचित्रां'वर आपण सर्वजण लुब्ध आहों, पण त्याच बाईनें येशूच्या चरित्राच्या ओव्या रचल्या हें आपण सोयीनें विसरतों. नगरच्या खेड्यांत नाताळच्या रात्रीं टाळ वाजतात, घरांत करंज्या-शंकरपाळ्या होतात, दारावर जी चांदणी लागते ती दिवाळीच्या आकाशकंदिलाची सख्खी बहीण असते. हा नाताळ धार्मिक आहे आणि मराठीहि आहे. आम्हीं निवडलेला नाताळ धार्मिक नव्हता, हें खरें. पण तो मराठीहि नव्हता.

आतां दुसरी बाजू मांडली नाहीं तर तो अन्याय होईल, कारण ऐहिक नाताळाविषयीं माझ्या मनांत सरसकट तिरस्कार नाहीं. जो सण फक्त श्रद्धावंतांचा, त्यांत शेजाऱ्यानें नुसतें कुंपणाबाहेर उभें राहावयाचें कीं काय? शिवाय, नाताळच्या ह्या ऐहिक बाजूनें आपल्या देशाचें पुष्कळ कल्याण केलें आहे. राष्ट्रीय सभेची पहिली बैठक १८८५ सालीं २८ डिसेंबरला मुंबईंत भरली (ती भरावयाची होती पुण्यास; पटकीच्या साथीमुळें मुंबईला गेली), आणि पुढें कित्येक वर्षें त्याच आठवड्यांत भरत राहिली, कारण कोर्टांना सुटी असे आणि वकील मंडळी मोकळी असत. येशूच्या जन्माची सुटी हिंदी राजकारणाच्या उपयोगी पडली, ह्यांत कोणा ख्रिस्ती मनुष्याचें कांहीं हरपलें असें मला वाटत नाहीं. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेंत मनुस्मृतीचें दहन झालें तेंहि पंचवीस डिसेंबरलाच. सुटीचा दिवस सर्वांचा असतो. त्या दिवशीं कोणी सभा भरवावी, कोणी सहलीला जावें.

परंतु दिवस वापरणें निराळें आणि दिवस झांकणें निराळें. २०१४ सालापासून हाच दिवस शासकीय रीत्या सुशासन दिन म्हणून पाळला जातो, आणि साधारण त्याच सुमारापासून ह्याच दिवशीं तुळशीपूजन करावें असा प्रचार चालूं आहे. तुळशीबद्दल मला काय वाटतें तें माझ्या अंगणांतील वृंदावनास विचारावें. पण आमच्या घरीं तुळशीचा दिवस कार्तिकांत येतो. ऊंस, आंवळे, चिंचा घेऊन येतो. त्याला डिसेंबरांत दुसरा दिवस काढून देण्याची गरज आमच्या आजीला कधीं भासली नाहीं. ती पूजा तुळशीसाठीं आहे कीं शेजाऱ्याच्या चांदणीसाठीं, हा प्रश्न ज्याचा त्यानें आपल्या मनाला विचारावा.

सण साजरा करण्याला किंमत पडते, हें आपल्यासारख्यांच्या सहसा लक्षांत येत नाहीं, कारण आपल्याला ती पडत नाहीं. मीं खिडकींत चांदणी लावली तर लोक म्हणतील, प्राध्यापक उदार मनाचे आहेत. आमच्या त्या कारकुनांनीं तीच लावली तर तिचा अर्थ अगदीं वेगळा होतो. नगर जिल्ह्यांतील ख्रिस्ती समाजापैकीं फार मोठा भाग पूर्वीं अस्पृश्य गणलेल्या महार-मांग जातींतून आलेला आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. पुढें १९५६ सालीं शीख आणि १९९० सालीं बौद्ध त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती अद्याप बाहेर आहेत. म्हणजे ज्याच्या आजोबांना पाणवठ्यावर जाऊं दिलें नाहीं त्या मनुष्यानें दारावर चांदणी लावली, कीं कायद्याच्या लेखीं त्याच्या आजोबांचें तें दुःख जमेस धरावयाचें कारण उरत नाहीं. ह्या व्यवस्थेचें समर्थन करणारेहि आहेत, आणि त्यांचे युक्तिवाद मीं वाचले आहेत. मी येथें त्यांत शिरत नाहीं. मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, एवढी किंमत देऊन जो मनुष्य गव्हाणी मांडतो, त्याला आम्हीं सांगितलें कीं, तुझी गव्हाणी आमच्या सर्वधर्मसमभावांत बसत नाहीं. ही प्लॅस्टिकची हरणें मात्र बसतात.

ह्या बाबतींत नगर जिल्ह्याला परप्रांतांतून धडे घेण्याचें कारण नाहीं. पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें हिंदु ज्याला कानिफनाथ म्हणतो त्याला मुसलमान शाह रमजान माही सवार म्हणत आला. श्रीगोंद्याचा शेख महंमद जन्मानें मुसलमान. त्याचा 'योगसंग्राम' वारकरी वाचतो. शिर्डीला १८९७ पासून उरूस रामनवमीच्या दिवशीं भरूं लागला, आणि पुढें त्याच मशिदींत रामजन्माचा पाळणाहि हलूं लागला. श्रीरामपूर तालुक्यांतील हरेगांवच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरांत जी गर्दी लोटते, ती कांहीं सगळी बाप्तिस्मा घेतलेल्यांची नसते. नवसाला धर्म नसतो. ह्या जुन्या वहिवाटींवरहि अलीकडे वाद माजूं लागले आहेत, आणि त्या काळींहि सगळें गोडीगुलाबीचेंच होतें असें म्हणण्याइतका मी भाबडा नाहीं. तरी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. तेथें आलेल्या शेजाऱ्यानें असें कधीं म्हटलें नाहीं कीं, देव उचला, म्हणजे मला येतां येईल. तो देवाजवळच आला. आपल्या भाषेंत त्याला हांक मारली, आणि आपला नारळ किंवा मेणबत्ती ठेवून परत गेला. निधर्मी समारंभांत मूळ देव बाहेर ठेवून सर्वांना आंत बोलावतात. त्यानें कोणाचें मन दुखावत नाहीं असें आपण समजतों. ज्याचें दुखावतें तो 'बरं' म्हणून निघून जातो, म्हणून आपल्याला कळत नाहीं.

मग माझ्यासारख्या अश्रद्ध मनुष्यानें करावें काय? ज्यावर विश्वास नाहीं त्यापुढें हात जोडणें हा ढोंगीपणा नव्हे काय? हा प्रश्न मला दीर्घकाळ छळीत होता, आणि त्याचा निकाल मजकडून पूर्णपणें लागलेला नाहीं. एवढें मात्र दिसतें कीं, शेजाऱ्याच्या घरच्या लग्नांत आपण जातों तेव्हां वधूवरांवर अक्षता टाकण्यापूर्वीं मंत्रांचा अर्थ आपल्याला मान्य आहे कीं नाहीं ह्याची छाननी करीत बसत नाहीं. आपण साक्षी म्हणून उभे असतों. साक्षीदारानें खोटें बोलूं नये, आणि मध्यें बोलूं नये. त्याच्या उभें राहण्याला अर्थ असतो, तो तेथें कांहींतरी खरोखर घडत आहे म्हणून. मंगलाष्टकें वगळून नुसत्या जेवणावळीला बोलावलें तर साक्ष कशाची द्यावयाची?

गेल्या वर्षीं ते कारकून सेवानिवृत्त झाले. चोवीस तारखेला रात्रीं मी त्यांच्या गांवीं गेलों. त्यांनीं बोलावलें नव्हतें, मींच विचारलें होतें. मध्यरात्रींच्या मिस्सेला अवकाश होता. पुढल्या खोलींत ज्वारीच्या कडब्याचा गोठा केला होता, आणि तींच चित्रें मांडलेलीं होतीं; एका मेंढपाळाचा हात मोडून पुन्हा चिकटविलेला दिसत होता. शेजारचे दोघे-तिघे माळकरी येऊन भिंतीशीं बसले होते, त्यांतल्या एकाच्या हातीं टाळ होते. भजन सुरूं झालें. चाल माझ्या ओळखीची निघाली, शब्द निघाले नाहींत. वहिनींनीं करंज्यांची ताटली पुढें केली. त्यांचा सहा-सात वर्षांचा नातू मजकडे बराच वेळ निरखून पाहत होता, शेवटीं जवळ येऊन त्यानें विचारलें, "आजोबा, तुम्ही बाळाच्या पाया पडले का?" मी "नाहीं" म्हटलें. तो थोडा विचार करून म्हणाला, "मग इथं बसा, इथून नीट दिसतं," आणि त्यानें आपला पाट माझ्याकडे सरकविला.

जानेवारींत मीं समितीपुढें पत्र दिलें कीं, येत्या वर्षापासून गव्हाणीला पूर्वींची जागा मिळावी आणि समारंभास नाताळच म्हणावें. कोणी ईदेचा किंवा बुद्धपौर्णिमेचा समारंभ त्याच मोकळेपणानें मागितला तर तोहि व्हावा. पत्र विचारार्थ ठेवलें आहे. एका तरुण सहकाऱ्यानें मला प्रेमानें सांगितलें कीं, "सर, आतां हें नांव रूढ झालं आहे, कशाला बदलायचं?" हिवाळी स्नेहमेळाव्याच्या निमंत्रणपत्रिका नेहमींच्याच छापखान्यांत गेल्या आहेत.